उधळपट्टीतली धूळ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित करून.)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

गणपतीच्या मखरासाठी आणलेल्या फुलांचा खर्च कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवला जात असताना आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी 'ही निव्वळ उधळपट्टी आहे' असे म्हटले, आणि त्यानंतर अर्धा तास वाद झाला तरी मूळ आकड्याकडे कोणी पुन्हा पाहिले नाही. 'खर्च जास्त झाला' असे ते म्हणाले असते, तर कोषाध्यक्षांनी पावत्या पुढे केल्या असत्या. 'उधळपट्टी' म्हटल्यावर मात्र आपल्या हिशेबाला नव्हे, तर स्वभावालाच कोणी नावे ठेवल्यासारखे त्यांना वाटले. त्या वादात मी पडलो नाही. पण हा शब्द माणसाला इतका का लागतो, याचा विचार तेव्हापासून मनात आहे आणि तोच आज आपल्यापुढे मांडतो.

'उधळणे' हे क्रियापद संस्कृतातील 'उद्धूलन' या शब्दावरून आले. 'उद्' म्हणजे वर आणि 'धूलि' म्हणजे धूळ. अंगावर भस्म उधळून घेण्याला 'भस्मोद्धूलन' म्हणतात. म्हणजे मुळात या शब्दात पैसा नाही, मूठभर चूर्ण आहे आणि ते वर फेकणारा हात आहे. जेजुरीला सोमवती अमावास्येच्या दिवशी 'येळकोट येळकोट जय मल्हार' अशी आरोळी उठते आणि भंडारा व खोबरे उधळले जाते, तेव्हा पायऱ्या, दीपमाळा आणि माणसे सारखीच पिवळी होतात आणि 'सोन्याची जेजुरी' हे शब्द डोळ्यांना पटतात. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीत जोतिबाच्या चैत्र यात्रेला हेच गुलालाने होते. हळद आणि खोबरे या दोन्ही स्वयंपाकघरात जपून वापरण्याच्या वस्तू. त्या तिथे मुठींनी उधळल्या जातात आणि तरी त्याला उधळपट्टी म्हणावे असे भाविकाच्या मनात येत नाही.

या क्रियापदाचा बाकीचा संसारही पाहण्याजोगा आहे. घोडा उधळतो, बैल उधळतात. जमलेला बेत कोणीतरी उधळून लावतो. 1907 च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेसचे अधिवेशन उधळले गेले, असे आपण आजही म्हणतो. नको ते बोलणारा मुक्ताफळे उधळतो आणि पाहुण्यांसमोर नातू गुण उधळतो. या सगळ्या ठिकाणी जे हातात, दावणीला किंवा रांगेत होते, ते सुटून चारी दिशांना जाते आणि पुन्हा गोळा करता येत नाही. पैशाच्या बाबतीत हा अर्थ किती चपखल बसतो, हे सांगायला नको.

मात्र 'उधळण' आणि 'उधळपट्टी' यांच्यात मराठीने फरक केला आहे. रंगांची उधळण होते, सुरांची होते, स्तुतिसुमनांची तर प्रत्येक सत्कारात होते. रंगांची उधळपट्टी झाली असे कोणी कौतुकाने म्हणणार नाही. 'पट्टी' जोडली गेली की क्रियेतला आनंद जातो आणि दोषारोप उरतो. खरडणे हे साधे काम असते, पण खरडपट्टी माणसाची निघते. (एका घरात या दोन पट्ट्या सहसा एकामागोमाग येतात, हा अनुभव इथल्या बऱ्याच जणांना असेल.)

शेजारचे शब्द लावून पाहिले म्हणजे हा आरोप नेमका काय आहे ते कळते. चैन माणूस स्वतःच्या सुखासाठी करतो आणि ती ऐपतीत बसू शकते. डामडौल लोकांनी पाहावे म्हणून असतो. अपव्यय हा लेखापरीक्षकाचा शब्द आहे. गळक्या नळातून पाण्याचा अपव्यय आपोआप होत राहतो, त्यासाठी कोणी वाईट असावे लागत नाही. उधळपट्टी मात्र करावी लागते आणि ती करणारा उधळ्या ठरतो. अलीकडे हिंदीतून आलेली 'फिजूलखर्ची' ऐकू येते. तिला माझा विरोध नाही, पण तिच्यात ही धूळ नाही. 'दौलतजादा' हा शब्द मला या सर्वांत विलक्षण वाटतो. तमाशाच्या फडात नाचणारीवर पैसे उडवण्याला हे नाव आहे आणि शब्दशः पाहिले तर ती 'तुमची दौलत वाढो' अशी दुवा आहे. हातातली दौलत जात असताना ती वाढण्याची दुवा मिळते, आणि हे नाव धारण करून तो शब्द गंभीर चेहऱ्याने वावरतो.

उधळपट्टी हा शब्द बहुधा वरून खाली बोलला जातो: बाप मुलाला म्हणतो, सावकार कुळाला म्हणतो. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जखते ताब्यात घेऊन जाळली. लग्नकार्यांतल्या उधळपट्टीमुळे कुणबी कर्जात बुडतो, हे मत तेव्हा सर्रास ऐकू येत असे. पण दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेच या कारणाला अवाजवी महत्त्व दिले गेल्याचे नोंदवले. असे प्रसंग क्वचित येतात, तर धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हापुन्हा काढलेल्या लहान रकमांनीच कर्ज अधिक फुगते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच काळात, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्या समाजाने कमी खर्चाची, भटजीविना लग्ने लावली. लग्नाचा खर्च कमी व्हावा असे दोन्हीकडे म्हटले जात होते, परंतु फुल्यांच्या म्हणण्यात कुणब्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवण्याची कळकळ होती, तर इतरांच्या तोंडी तोच मुद्दा कर्जाचे खापर कुणब्याच्या माथी फोडण्याच्या कामी आला. म्हणून उधळपट्टी हा शब्द ऐकला की खर्च किती झाला याच्याआधी तो कोण कोणाला म्हणतो आहे, हे मी पाहतो.

याच्या समोरचा शब्द काटकसर आहे असे आपण मानतो, पण मला 'वेचणे' अधिक समोरचा वाटतो. फुले वेचणे म्हणजे एकेक करून गोळा करणे. आणि 'व्यय' या संस्कृत शब्दावरून आलेला दुसरा 'वेचणे' म्हणजे खर्च करणे. 'उदास विचारें वेच करी' असे तुकोबा म्हणतात, तो हाच वेच. मुळे वेगळी असली तरी उच्चार एक झाल्यामुळे गोळा करणे आणि खर्चणे ही दोन्ही कामे मराठीत एकाच क्रियापदाने होतात. एखाद्याने शाळेसाठी आयुष्य वेचले असे आपण म्हणतो. दुसऱ्याने आयुष्य उधळले असे म्हणतो. दोघांचेही आयुष्य संपलेलेच असते. आपल्या कोषाध्यक्षांना मी एवढेच सुचवीन की पुढच्या वर्षी फुलांवरचा खर्च 'वेचला' असा लिहावा. निदान व्याकरणाने तरी ते सुरक्षित राहतील.

इथे परदेशात या शब्दाचे आणखी एक झाले आहे. आपण जे सभागृह भाड्याने घेतो, तिथे गालिचा असतो आणि करारात सफाईची अनामत असते, त्यामुळे विसर्जनाच्या दिवशी आपण गुलाल उधळत नाही, बोटाने कपाळाला लावतो. लग्नात तांदळाच्या जागी पाकळ्या देतो, आणि तसेही आपण अक्षता टाकतो, उधळत नाही. परिणामी इथे वाढलेल्या मुलांच्या कानावर 'उधळणे' पहिल्यांदा पडते ते नवे बूट किंवा फोन मागितल्यावर, 'पट्टी' लावूनच. मराठी शाळेत एका मुलीने मला विचारले की उधळपट्टी वाईट, तर मग गाण्यात गुलाल उधळताना सगळे खूश का असतात. मी तिला उद्धूलनापासून सुरुवात करून सगळे सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि जेजुरीचे तिकीट केवढ्याला पडते ते विचारले. मी आकडा सांगितल्यावर ती म्हणाली, 'मग बाबा ह्याला नक्की उधळपट्टी म्हणणार.'