किरायाची खोली आणि स्मार्ट मीटर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे दारव्हा, दर्यापूर, मूल अशा तालुक्याच्या गावी शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कर्मचारी किरायाने राहतात. किराया पहिल्याच बैठकीत ठरतो. वाद होतो तो लाइटबिलावरून, आणि तोही एप्रिल-मे महिन्यात, कुलर सुरू झाले की. चार खोल्या, एक मीटर आणि बिलाचे सारखे चार भाग. ज्याच्याकडे नुसता पंखा आहे, त्यानं शेजारच्या कुलरचे पैसे का द्यावे? त्याचं म्हणणं मला रास्तच वाटते.

यात आणखी एक तोटा आहे, तो चटकन लक्षात येत नाही. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. समजा, वाड्यात पाच कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाचे महिन्याला ८० युनिट होतात. वेगळी जोडणी असेल तर पाचही जण पहिल्याच टप्प्यात राहतात. सगळे एका मीटरवर असले की ४०० युनिट होतात, आणि शेवटच्या १०० युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहूनही जास्त पडतो. वीज कुणीच जास्त जाळली नाही, तरी बिल मात्र वाढलं! वेगळ्या जोडणीला दरमहा स्थिर आकार द्यावा लागतो, हे खरं. तो धरून हिशेब मांडा, मग ठरवा.

जोडणी वेगळी असेल आणि त्यावर स्मार्ट मीटर असेल, तर घरमालकाची मोठी काळजी मिटते. रीडिंग आपोआप जाते, अंदाजे बिल येत नाही. ग्राहकाला मोबाइलवर रोजचा वापर दिसतो. मुलाकडे पुण्याला गेलेल्या मालकाला गावातल्या बंद खोलीत युनिट पडताना दिसले, तर मोटर चालू राहिली की वायरिंगमध्ये गळती आहे, हे त्याच दिवशी तपासता येते. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण युनिट खाते. रात्रभर चालली तर पाणीही गेलं आणि पैसाही. या मीटरवर सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलतही आहे. टाकी भरणं, कपडे धुणं तेव्हा उरकता येते.

मात्र किरायेदार घरी कधी असतो, हेही त्या आकड्यांवरून कळते. म्हणून तो वापर मालकानं पाहायचा की नाही, हे दोघांनी आधीच बोलून घ्यावं. आणि बिल थकलं म्हणून मालकानं परस्पर लाइट कापू नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार त्याला तसं करता येत नाही.

"नवं मीटर जोरात पळते," अशी शंका गावोगावी ऐकू येते. ती मनात ठेवून कुढत बसू नका, लेखी तक्रार करा. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे वीज कंपनीनं पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरं मीटर लावायचं असते आणि किमान तीन महिने दोन्हींचं रीडिंग ताडून पाहायचं असते.

नवा किरायेदार येईल त्या दिवशी दोघांनी मिळून मीटरपुढे उभं राहावं, रीडिंगचा फोटो काढावा आणि तो आकडा करारनाम्यात लिहून दोघांनीही सही करावी. खोली सोडतानाही असंच करावं. नमस्कार.