हप्ता कुठल्या महिन्याच्या कमाईतून?

[दृश्य: पहाट. गुलटेकडी, मार्केट यार्ड]

निवेदन: गाळ्यांसमोर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग. इथून माल उचलून वस्तीत पाटी मांडणाऱ्या बाईला भांडवल रोज लागतं, आणि बँकेला दाखवायला तिच्याकडे तारण नसतं. अशाच भाजीवाल्यांना छोटी कर्जं देत डॉ. मेधा पुरव सामंत यांनी १९९३ साली पुण्यात अन्नपूर्णा परिवाराचं काम उभं केलं.

आता या क्षेत्रात, म्हणजे गरीब घरांना छोटी विनातारण कर्जं देण्याच्या मायक्रोफायनान्समध्ये, मोठ्या कंपन्या आहेत. त्यांचं नियोजन पाच-पाच वर्षांचं असतं. शाखा किती, वाटप किती, थकबाकी किती टक्क्यांत ठेवायची. मार्चअखेर जवळ आली की उद्दिष्टाचा आकडा मुख्यालयातून निघतो आणि शेवटी दुचाकीवरच्या वसुली अधिकाऱ्याच्या गळ्यात पडतो.

आंध्र प्रदेशात याच आकड्याची किंमत मोजावी लागली. एकाच घरात अनेक कंपन्यांची कर्जं, एकाचा हप्ता दुसऱ्याच्या पैशातून. आत्महत्यांच्या बातम्यांनंतर ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारनं या कंपन्यांच्या वसुलीवर निर्बंध घालणारा अध्यादेश काढला आणि वसुली कोसळली. ज्यांनी बहुतांश धंदा त्या एकाच राज्यात केला होता, त्यांना सावरणं अवघड गेलं. पुढे या क्षेत्राचा अभ्यास करायला रिझर्व्ह बँकेनं नेमलेली मालेगाम समिती आली, रिझर्व्ह बँकेचे नियम आले. २०२२ पासून नियम असा: वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला हे विनातारण कर्ज, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जायला नकोत.

[दृश्य: पावसात ताडपत्रीखाली भाजीची पाटी]

मासिक उत्पन्न! पण कुठल्या महिन्याचं? भर पावसात पालेभाजी पाटीवरच सडते. पितृपक्षात गवार-भोपळ्याला भाव येतो. मूल आजारी पडलं की पाटीच लागत नाही. फॉर्मवर मात्र एकच आकडा लिहायचा असतो, आणि तो बहुतेकदा अंदाजानं लिहिला जातो. नियोजन खरं इथून सुरू व्हायला हवं. हप्ता आठवड्याचा ठेवायचा की महिन्याचा, पावसाळ्यात तो हलका करायचा का, दवाखान्याचा खर्च आला तर काय. अन्नपूर्णानं सभासदांसाठी एकमेकींच्या मदतीचा आरोग्यनिधी उभा केला, तो याच कारणानं महत्त्वाचा. दवाखान्याचं बिल आलं की हप्ता हमखास चुकतो.

कर्ज देणाऱ्या संस्थाही बँकांच्या कर्जदारच असतात, हे सहसा विसरलं जातं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायला मुभा दिली. बायकांना सवलत मिळाली. संस्थांना त्यांच्या बँका तीच सवलत देतील का, हे मात्र बरेच दिवस कळेना. हाताशी रोकड राखून ठेवणाऱ्यांचंच निभावलं.

[दृश्य: शाखेतला फळा, खडूनं लिहिलेली उद्दिष्टं]

या फळ्यावर सहसा दोनच रकाने असतात, वाटप आणि वसुली. तीन कर्जं आधीच असलेल्या घराला एखाद्या अधिकाऱ्यानं चौथं नाकारलं, तर ते लिहायला जागा नाही. त्याचा भत्ताही या दोनच रकान्यांवर ठरतो.