रिंगणाला कोणती लेन्स?

[दृश्य: वारीच्या वाटेवरचं पुरंदवड्याचं मैदान, माउलींच्या पालखीचं रिंगण. काठावर पताकांची दाटी, मधे मोकळी माती.]

टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोचतो आणि अश्व सुटतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. काही मिनिटांत सगळं आटोपतं.

इथे कॅमेरा कोणत्या कंपनीचा, याला फारसा अर्थ नाही. तुम्हाला उभं कुठे राहायला मिळणार, ते सांगा. आखलेल्या रेषेपुढे पाऊल टाकता येत नाही. समजा, घोडा ५० मीटरवर आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (चित्र टिपणारा त्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद) ५० मिलिमीटरची लेन्स असेल, तर चौकटीत ३६ मीटर रुंदीचा पट्टा येतो आणि घोडा त्यात शोधावा लागतो. २०० मिलिमीटर लावली की पट्टा ९ मीटरवर येतो. हिशेब सोपा आहे: सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा तो मिलिमीटरचा आकडा. एपीएस-सी या लहान सेन्सरवर तीच २०० ची लेन्स जेमतेम ६ मीटर दाखवते. लहान सेन्सरला नाकं मुरडणाऱ्यांनी रिंगणाला एकदा यावंच.

[दृश्य: दिवे घाट. वळणावळणाने चढणाऱ्या दिंड्या.]

घाटात बहुतेक जण वाइड लेन्स काढतात. डोंगर सगळा येतो, पण वारकरी मुंगीएवढे होतात. समोरच्या उतारावर लांब जाऊन टेलेने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, घेतलं, तर वळणं एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात. ही करामत खरं तर अंतराची. लेन्स फक्त त्यातला हवा तो तुकडा उचलते.

दिंडीत शिरल्यावर मात्र टेले पिशवीत. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या मावशी हातभर अंतरावर असतात, तिथे ३५ मिलिमीटर पुरते. आणि लेन्स लहान असली की समोरचा माणूसही मोकळा राहतो. छातीवर तोफ रोखून कुणी अभंग म्हणत नाही.

[दृश्य: मुक्कामाचा तळ. तंबूत कीर्तन, एलईडीचे दिवे.]

रात्री खरी परीक्षा. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट प्रकाश आत घेते, आणि स्वस्तातली ५० मिलिमीटर एफ १.८ जवळजवळ दहापट. नव्या बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, खर्च करण्याआधी ही लेन्स घ्या, असं आम्ही बिनधास्त सांगू. व्हिडिओ करणार असाल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांची लुकलुक बरीचशी टळते.

पण हेच १/५० दुपारच्या उन्हात नडतं. चित्र पांढरं पडू नये म्हणून छिद्र एफ १६ किंवा २२ पर्यंत बंद करावं, तर धार जाते. त्यावर उपाय एनडी फिल्टरचा. लेन्सवर लावायचा हा काळा चष्मा अंगावरच हवा. बॉडी निवडताना माइकचं आणि हेडफोनचं भोक आहे ना, तेही बघा. पखवाज नीट आला नाही, तर वारीचा व्हिडिओ मुका.

[दृश्य: पाऊस. प्लास्टिकचे कागद पांघरून चालणारे वारकरी.]

आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, तेही आषाढात. जुनी ७०-२०० एफ २.८ दीड किलोच्या आसपास भरते. तिसऱ्या मुक्कामाला खांदा बोलायला लागतो. पायी चालणाऱ्याने एफ ४ ची घ्यावी, दिवसा तेवढी चालते. बॉडी पाणीरोधक आणि लेन्स साधी, ही जोडी कुचकामी, कारण पाणी माउंटच्या, म्हणजे लेन्स बॉडीला जोडतो त्या कड्याच्या, फटीतून शिरतं. भर पावसात, किंवा बुक्का उधळत असताना, लेन्स बदलूच नये. जमलं तर दोन बॉड्या, एकीवर ३५ आणि दुसरीवर टेले. दुसरी जुनी, सेकंडहँड असली तरी हरकत नाही.

घरी आल्यावर ओली लेन्स पिशवीत तशीच राहिली, तर काचेवर बुरशी धरते. आधी पंख्याखाली वाळवा, मग सिलिका जेल टाकून बंद डब्यात ठेवा. सेकंडहँड घेताना लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, की दुकानदार भाव कितीही उतरवो, परत करा.