राखीव दलातल्या परिचारिकेची बढती आणि पेन्शन

(इंदूर येथे नर्सिंगच्या विद्यार्थिनी व त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

लष्करी छावणीचं महू आपल्या इतकं जवळ आहे की लष्करी परिचारिका म्हटलं की आपल्यासमोर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची पूर्णवेळ अधिकारीच येते. आज बोलायचं आहे ते अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमधल्या परिचारिकेबद्दल. ती एरवी शहरातल्या इस्पितळात ड्यूटी करते आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार गणवेश चढवते. इथून बीएस्सी नर्सिंग करून, एनक्लेक्स ही तिथली परवाना परीक्षा पास होऊन तिकडे स्थायिक झालेल्या मुलीपुढे हा पर्याय येतो. पण एक गोष्ट आधीच सांगतो: पूर्णवेळ सैन्यात कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, हवं तर नागरिकत्व लागतं, पण रिझर्व्हमध्ये ग्रीन कार्डावरही ते मिळू शकतं.

तिकडे 'सर्व्हिस किती झाली?' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. सेवेच्या तीन वेगळ्या वह्या असतात. एक पदाची, एक पगाराची आणि एक पेन्शनची. एकीतली वर्षं दुसरीत आपोआप उतरत नाहीत, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात.

पदाची वही आधी उघडू. भरती होताना पूर्वीचं उच्च शिक्षण आणि परिचारिका म्हणून केलेलं काम यांचं श्रेय मिळतं. त्यावर ती सेकंड लेफ्टनंट, फर्स्ट लेफ्टनंट की कॅप्टन म्हणून घेतली जाईल ते ठरतं. एकच काळ दोनदा मोजत नाहीत. नोकरी सांभाळून एमएस्सी केली असेल तर त्या दोन वर्षांचं श्रेय पदवीला घ्या किंवा अनुभवाला. अनुभवाचे दाखले पूर्णवेळ की अर्धवेळ हे स्पष्ट लिहून आणावेत. 'अमुक साली आमच्याकडे होत्या' एवढ्यावर काही हाती लागत नाही. हे श्रेय कायद्याने तीनच कामांसाठी आहे: सुरुवातीचं पद, त्या पदातली ज्येष्ठता आणि बढतीसाठी मोजायचा काळ. पगारवाढीत ते धरत नाहीत, पेन्शनमध्ये तर नाहीच. 'मला चार वर्षं धरून दिली' म्हणून कोणी पेन्शनची वीस वर्षं सोळावर आणून ठेवत असेल, तर तो हिशेब साफ चुकला.

पुढची बढती निवड मंडळाकडून होते, तिथले लोक नुसतं 'बोर्ड' म्हणतात. रिझर्व्ह अधिकाऱ्यांच्या बढतीचा आजचा कायदा १९९४ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९९६ पासून. कॅप्टनपदी सात वर्षं भरण्याआधी मेजरसाठी नाव बोर्डापुढे जायलाच हवं, मेजरपदावरून पुढच्या पदासाठीही तसंच. दोनदा नाव गळलं तर कॅप्टनला सहसा सक्रिय यादीतून बाहेर पडावं लागतं. मात्र पेन्शनची अठरा किंवा एकोणीस वर्षं भरलेल्या अधिकाऱ्याला वीस पुरी करण्यासाठी ठरावीक मुदतीपर्यंत ठेवून घेण्याची तरतूद आहे. बोर्ड उमेदवाराला भेटत नाही. ते फाइल वाचतं, आणि ऑगस्ट २०२० पासून तर फाइलीतला फोटोही काढून टाकला आहे. म्हणजे नाव गळण्याचं कारण पुष्कळदा कागदी असतं: मूल्यमापन अहवाल वेळेत चढलेला नाही, राज्याच्या परवान्याचं नूतनीकरण झालं पण प्रत फाइलीत नाही, मेजरसाठी लागणारा कॅप्टनांचा अभ्यासक्रम पुरा केला पण प्रमाणपत्र लावलं नाही. उत्तम काम करणाऱ्या बाया कागदांचा कंटाळा करतात, हे इथेही तसंच आहे.

पगाराची वही सोपी. रिझर्व्हमधलं प्रत्येक वर्ष मूळ वेतनाच्या टप्प्यासाठी पूर्ण वर्ष धरतात, प्रत्यक्ष काम कितीही दिवस झालेलं असो.

पेन्शनच्या वहीला मात्र वेळ दिला पाहिजे. ही पेन्शन १९४८ च्या कायद्याने सुरू झाली आणि ती पॉइंटवर चालते. नुसतं सदस्य असण्याचे वर्षाला १५ पॉइंट. किमान चार तासांच्या एका सत्राचा एक, दिवसाला जास्तीत जास्त दोन. म्हणजे एका शनिवार-रविवारचे चार, बारा महिन्यांचे ४८. उन्हाळी प्रशिक्षणाच्या १४ दिवसांचे १४. बेरीज ७७. वर्षात ५० झाले तर ते 'गुड इयर', आणि अशी वीस वर्षं लागतात.

आता अडचण बघा. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, प्रत्येकीचं तिच्या प्रवेशाच्या तारखेपासून चालतं. समजा तारीख १२ जून. इस्पितळातल्या ड्यूट्यांमुळे त्या वर्षी पाचच शनिवार-रविवार जमले: २० पॉइंट. मे महिन्यात प्रशिक्षण झालं: १४. सदस्यत्वाचे १५. एकूण ४९! हे ४९ पॉइंट रकमेच्या हिशेबात राहतात, पण वीस वर्षांच्या मोजणीतून ते वर्ष जातं. आणि तेच प्रशिक्षण जुलैत सरकलं असतं तर उरले असते ३५. उपाय ११ जूनच्या आत करायचा: युनिटकडून चार तासांचं एक अधिकृत काम मागून घ्यायचं, डीए १३८० या फॉर्मवर त्याची नोंद करून सही घ्यायची. डीए ५०१६ हा पॉइंटचा वार्षिक उतारा येतो. तो दरवर्षी आपल्या आदेशांशी ताडून बघावा. पंधरा वर्षांनी जुन्या युनिटचे कागद शोधत बसणं नशिबी येऊ नये.

रक्कम काढण्यासाठी एकूण पॉइंटना ३६० ने भागतात. त्यातून निघालेल्या प्रत्येक वर्षाला जुन्या पद्धतीत अडीच टक्के. १ जानेवारी २०१८ पासून भरती झालेल्यांना दोन टक्के, पण त्यांच्या बचत खात्यात सरकारही भर घालतं. ७७ च्या हिशेबाने वीस वर्षांचे १,५४० पॉइंट, म्हणजे सव्वाचार वर्षांहून किंचित जास्त, जुन्या पद्धतीने १०.७ टक्के. त्यातलं एकच वर्ष पूर्णवेळ बोलावणीत गेलं तर ७७ ऐवजी ३६५ मिळतात, एकूण १,८२८, आणि टक्केवारी १२.७ वर जाते.

पैसे सुरू होतात साठाव्या वर्षी. २८ जानेवारी २००८ नंतरच्या ठरावीक प्रकारच्या सक्रिय सेवेच्या दर ९० दिवसांमागे वय तीन महिन्यांनी खाली येतं, पण पन्नासच्या खाली नाही. त्यासाठी आदेशाच्या कागदावर कुठलं कलम छापलं आहे ते बघावं, कारण सगळ्या आदेशांना ही सवलत नाही. पेन्शन लवकर सुरू झाली तरी सैन्याची आरोग्यसेवा साठीलाच, हेही धरून चाला.

वीस वर्षं भरल्यावर पात्रतेचं पत्र येतं, पैसे नाही. ते आपण अर्ज केल्याशिवाय सुरू होत नाहीत. डीडी १०८ आणि डीडी २६५६ हे फॉर्म भरावे लागतात. आणि वीस वर्षांनंतर निरोप घेताना 'डिस्चार्ज' घ्यायचा की 'रिटायर्ड रिझर्व्ह'मध्ये नाव ठेवायचं, असा प्रश्न येतो. डिस्चार्ज घेतला तर पेन्शन त्या दिवशीच्या वेतनतक्त्यावर गोठते. नाव ठेवलं तर साठीच्या वेळचा तक्ता लागू होतो आणि मधली वर्षंही वेतनाच्या टप्प्यात धरली जातात. चाळिशीत बाहेर पडणाऱ्या परिचारिकेसाठी हा सुमारे वीस वर्षांच्या वेतनवाढीचा फरक आहे, आणि तो एका फॉर्मवर कुठली चौकट भरली यावर ठरतो.