पुण्याहून किती लिटरात आलास?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'महामार्गावरचा वेग : इंधन आणि वेळ'. त्यावर बोलणारच आहे. पण आधी मला सांगा, पुण्याहून कुणी गाडी घेऊन घरी आलं की आपण कोल्हापूरकर पहिलं काय विचारतो? "किती वाजता निघालास?" आणि लगेच बोटं मोडून हिशेब, "म्हणजे साडेतीन तासात आलास की!" साडेतीन म्हटलं की कौतुक, तीन म्हटलं की पाठीवर थाप, आणि पाच म्हटलं की, "वाटेत झोपला हुतास व्हय?" हसताय म्हणजे तुम्हीही विचारता. किती लिटरात आलास, हे मात्र मला आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. हा प्रश्न आपल्या तोंडी रुळावा, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

माझ्या घरात हा प्रश्न रोजचा होता. वडील एसटीत चालक. एसटीत केपीटीएल नावाची गोष्ट असते, दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली तो आकडा. रात्री जेवताना आई भाजीचे भाव सांगायची आणि वडील केपीटीएल सांगायचे. सुट्टीत ते मला कधीकधी बरोबर न्यायचे, शेजारी बॉनेटवर बसवायचे. खालून इंजिनाची धग लागायची म्हणून आई घडी घातलेलं पोतं द्यायची. तिथून मला त्यांचा उजवा पाय दिसायचा. लांबवर बैलगाडी दिसली की तो पाय नुसता उचलला जायचा. गाडी आपली गडगडत हळू होत जायची, आणि बैलगाडीजवळ पोचेपर्यंत ब्रेक लागायचाच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ब्रेक दाबला म्हंजे जाळल्यालं डिझेल फुकट गेलं की रं." पुढं कॉलेजात गतिज ऊर्जा शिकवायला लागलो, तेव्हा फळ्यावर लिहिताना मला तो पाय दिसायचा. आता उसाचा हंगाम सुरू झाला की हायवेवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात. शंभरनं जाऊन त्यांच्या मागं करकचून ब्रेक मारायचा, पुन्हा शंभर गाठायचे, असं दहा वेळा केलं तर काय होतं ते टाकीला विचारा.

बरं, आता मेव्हण्यांची गोष्ट. ही मी सांगणारच, कारण लिटर आणि वेळ टिपायची माझी वही तिथून सुरू झाली.

पुण्यात बारसं होतं. परतताना दोन गाड्या, एक आमची आणि एक धाकट्या मेव्हण्यांची. वारज्यातून दुपारी दोनला बरोबरच निघालो. त्यांची गाडी मोठी आणि नवी, हात शिवशिवत होते. खेड-शिवापूरच्या अलीकडेच त्यांनी हॉर्न देऊन आम्हाला मागं टाकलं. मागच्या सीटवरून भाचे जीभ काढून दाखवत होते. आमचा काटा ऐंशीवर. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जरा दाबा की, तो घरी पोचून झोपंल." मी म्हटलं, थांब.

खंबाटकी घाटात ट्रकमागं ट्रक. त्या चढाला कुणाचीच गाडी नवी नसते. बघतो तर चार वाहनं पुढं तेच मेव्हणे! घाट संपला, पुन्हा सुसाट गेले. सातारा ओलांडला, तासवडे टोलला पोचलो तर शेजारच्या रांगेत तीच गाडी, पुढच्या कुणाचा तरी फास्टॅग वाचत नव्हता म्हणून अडकलेली. भाच्यांनी आता जीभ नाही काढली, नुसता हात हलवला. पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा फोन आला, "दाजी, कुठं हाय तुम्ही? आमी पोचलो. चहा टाकलाय." आम्ही रंकाळ्यावर त्यांच्या दारात गेलो, तेव्हा तो चहा गाळणं चाललं होतं. सतरा मिनिटं. सबंध रस्ताभर लेन बदलून, डिपर मारून, बायकोची बोलणी खाऊन मिळवलेली सतरा मिनिटं.

मी इंधनाचा विषय काढला, तर म्हणाले, "दाजी, माझी गाडी मोठी, तुलना नगं." मुद्दा रास्त होता. म्हणून मी माझ्याच गाडीवर करून बघायचं ठरवलं.

सहापदरीचं काम सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. रविवारी पहाटे पाचला शिरोलीजवळच्या पंपावर गेलो, चारी चाकांत हवा तपासली, नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी भरली, त्यावर एक थेंब नाही. साताऱ्यापर्यंत जाऊन परत, 240 किलोमीटर. परत का? सातारा कोल्हापूरपेक्षा उंचावर आहे. नुसतं जाण्याचं मोजलं असतं तर चढाचं पेट्रोल वेगाच्या माथी मारलं गेलं असतं. गाडीत एकटा, एसी बंद. पहिल्या रविवारी मोकळ्या रस्त्याला काटा 80 वर, दुसऱ्या रविवारी 100 वर. पंप तोच, नोझल तीच. पंपावरचा पोरगा दुसऱ्या खेपेला म्हणाला, "सर, फिरायलाच जाताय जणू."

वहीत लिहिलंय : 80 ला 12.1 लिटर, 3 तास 20 मिनिटं. 100 ला 14.7 लिटर, 2 तास 52 मिनिटं. 28 मिनिटांसाठी 2.6 लिटर. म्हणजे एक तास वाचवायला साडेपाच लिटर! पेट्रोल शंभरीपार. ज्याचा तास तेवढ्या मोलाचा आहे, त्यानं जरूर जावं. पण हा सौदा आपण करतोय हे माहीत असून जावं.

आणि शोरूमवाल्याशी भांडायचं असेल, तर मी ते आधीच करून आलोय. "साहेब, तुम्ही सांगितलेलं ॲव्हरेज मिळत नाही." तर तो म्हणतो, तुमची चालवायची पद्धत चुकते. खरं कारण त्यानं सांगितलंच नाही. आपल्याकडं इतकी वर्षं तो प्रमाणित आकडा रोलरवर गाडी जागच्या जागी पळवून, कधी किती वेग ठेवायचा हे आधीच ठरलेल्या चाचणीचक्रात काढत आले, आणि त्या चक्रात वेग 90 च्या वर जातच नाही. मग 110 नं जाणाऱ्याला तो आकडा कुठून मिळणार?

...चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणे. आणि छापलेला विषय आत्ता कुठं सुरू होतोय. तर भराभर घेतो.

हवा. गाडीला मागं रेटणारा हवेचा जोर वेगाच्या वर्गानं, म्हणजे वेग गुणिले वेग अशा हिशेबानं वाढतो. 80 चे 100 केले की वेग सव्वापट, रेटा दीडपटीहून जास्त. 120 केले की सव्वादोन पट. खिडकीतून तळहात बाहेर काढून बघा म्हणालो असतो, पण नको, मागून ट्रक येतात. पेट्रोल मात्र तेवढ्या पटीत वाढत नाही, कारण टायरचं घर्षण आणि इंजिनाचा स्वतःचा खर्चही असतो, तो इतका वाढत नाही. म्हणून माझ्याकडं सुमारे 22 टक्के जादा लागलं.

मग चाळीसनं जावं का? नाही. फार हळू गेलं की इंजिन स्वतःला फिरवण्यातच तेल जाळतं, कारण तेवढ्या अंतराला वेळ जास्त लागतो. आजच्या बहुतेक मोटारींना टॉप गियरमध्ये साठ ते ऐंशीच्या दरम्यान बरं पडतं.

वेळ. पुणं-कोल्हापूर 230 किलोमीटर धरा, सगळा रस्ता मोकळा धरा. 60 नं 3 तास 50 मिनिटं. 80 केले की 57 मिनिटं वाचतात. 100 केले की आणखी 34. 120 केले की फक्त 23. वाचणारा वेळ दरवेळी कमी होतो, जळणारं तेल दरवेळी वाढतं. हे एवढंच घरी घेऊन गेलात तरी चालेल.

अजून एक. अर्धं अंतर 60 नं, अर्धं 120 नं गेलात तर सरासरी 90 नाही, 80. हळू जाण्याच्या तुकड्यात वेळ जास्त मुरतो. खंबाटकीत आणि टोलवर गेलेली मिनिटं पेठ नाक्यापुढं उडवून भरून निघत नाहीत. मेव्हण्यांचं तेच झालं.

केंद्र सरकारनं 2018 साली चौपदरी महामार्गावर मोटारींना कमाल 100 ची मुभा दिली. ती कमाल आहे, तितकं गाठलंच पाहिजे असं नाही. अमेरिकेनं 1973 च्या तेलटंचाईनंतर 1974 साली देशभर ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटरची मर्यादा घातली, ती पुरती उठायला 1995 उजाडलं. त्यावर बोलायचं होतं, राहिलं.

अध्यक्ष उठलेत, सभागृह आठला दुसऱ्यांना द्यायचंय. वही इथं टेबलावर ठेवतो, दोन्ही रविवारची पानं दुमडून ठेवलीत, ज्यांना आकडे हवेत त्यांनी उतरवून घ्या. आणि या महिन्यात पुण्याला कोण कोण जाणार आहे? हात वर करा बघू. तुम्ही सगळे जाताना टाकी कट होईपर्यंत भरा, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा भरा, आणि लिटर नि वेळ या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून द्या. पुढच्या महिन्यात मी ती वाचून दाखवीन.