दोन कॅमेरे, एकच एक्सएमपी: रॉ फोटोंच्या साईडकार फाईल सांभाळायच्या कशा?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या गड्डा यात्रेत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा बहुतेक वेळा दोघं मिळून शूट करतात. एकाकडे जुना कॅनन, सीआर२ ही रॉ फाईल, म्हणजे प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, देणारा. दुसऱ्याकडे नवा, सीआर३ देणारा. रात्री दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये रिकामी होतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

आधी थोडं मुळातलं. लाइटरूम क्लासिक हे अडोबीचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर तुमच्या रॉ फोटोच्या पिक्सेलना हात लावत नाही. एक्सपोजर, क्रॉप, मास्क हे सगळं कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या डेटाबेसमध्ये, नोंदवतं. आपण सांगितलं, तर तीच नोंद रॉच्या शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाईलमध्येही लिहितं. हीच साईडकार. साधं एडिट असेल तर काही केबींची, मास्क वाढले की मोठी होते. डीएनजी या अडोबीच्या रॉ प्रकाराला वेगळी साईडकार नसते, नोंद फाईलच्या आतच जाते.

'आपण सांगितलं, तर' हे लक्षात ठेवा. एडिट मेनू, कॅटलॉग सेटिंग्ज, मेटाडेटा टॅब. तिथे 'ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इनटू एक्सएमपी' वर टिक करा. जुन्या फोटोंसाठी लायब्ररीच्या ग्रिडमध्ये कंट्रोल ए, मग कंट्रोल एस.

[स्क्रीनवर: फोल्डरमधली फाईलनावं]

आता नीट बघा. आयएमजी_४८१२.सीआर२ आणि आयएमजी_४८१२.सीआर३. कॅननचा आकडा ९९९९ झाला की परत ०००१ वर येतो, त्यामुळे दोन बॉडींचे नंबर जुळणं काही नवल नाही. साईडकारचं नाव ठेवताना लाइटरूम रॉचं एक्स्टेंशन काढून टाकतं. म्हणजे फोटो दोन, पण एक्सएमपी एकच: आयएमजी_४८१२.एक्सएमपी. जो शेवटी लिहील त्याचंच एडिट त्यात उरतं. मग दुसऱ्या फोटोवर मेटाडेटा, म्हणजे कॅटलॉग आणि साईडकारमधली नोंद, जुळत नसल्याची खूण येते. घाईत 'इम्पोर्ट सेटिंग्ज फ्रॉम डिस्क' दाबलंत, तर नंदीध्वजाच्या फोटोचा क्रॉप गर्दीच्या भलत्याच फोटोवर बसतो. कॅटलॉगमधलं एडिट बरोबर असेल तर 'ओव्हरराइट सेटिंग्ज' निवडा. पण नावं वेगळी केल्याशिवाय हा खेळ थांबत नाही.

म्हणून कार्डं वेगवेगळी इम्पोर्ट करा. फाईल रीनेमिंगमध्ये तारीख, कॅमेऱ्याचं अक्षर आणि मूळ नंबर असा टेम्पलेट ठेवा. हे पॅनेल 'कॉपी' किंवा 'मूव्ह' निवडल्यावरच मिळतं, 'अॅड' ला नाही. फोटो आधीच आत आले असतील तर ऑटो-राइट बंद करा, लायब्ररीत एफ२ ने नावं बदला, मग दोन्ही फोटो निवडून कंट्रोल एस.

डार्कटेबल या मोफत एडिटरमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे नाव सीआर२.एक्सएमपी असं पूर्ण एक्स्टेंशनसह असतं. रॉथेरपी या दुसऱ्या मोफत एडिटरची साईडकार, पीपी३ फाईल, तीही तशीच. मात्र डार्कटेबलमधलं एडिट लाइटरूमला कळत नाही.

दुसरी मोठी चूक फाईल एक्सप्लोररमध्ये होते. तिथे फक्त रॉचं नाव बदललं की साईडकार अनाथ होते. टाइपनुसार लावून नुसत्या रॉ उचलल्या, तर एक्सएमपी मागेच राहतात. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाईलनेम एक्स्टेंशन्स दिसतील असं करून ठेवा, आणि हलवाहलव शक्यतो लाइटरूमच्या आतूनच करा.

बॅकअप घेताना रॉ एकदा कॉपी झाल्या की रोज फक्त साईडकार नेल्या तरी चालतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर अशी कमांड द्या: रोबोकॉपी, मूळ फोल्डर, बॅकअप फोल्डर, स्टार डॉट एक्सएमपी, स्लॅश एस. स्लॅश एमआयआर इथे अजिबात वापरू नका. मूळ ठिकाणाहून चुकून उडालेली फाईल ते बॅकअपमधूनही काढून टाकतं.

बॅकअप खरा आहे का ते तपासायचं असेल, तर नवा रिकामा कॅटलॉग उघडा, बॅकअपचं फोल्डर 'अॅड' करा आणि एडिट दिसतंय का बघा. व्हर्च्युअल कॉपी, कलेक्शन आणि हिस्टरीच्या पायऱ्या दिसणार नाहीत, कारण त्या एक्सएमपीत जातच नाहीत. त्यांच्यासाठी कॅटलॉगचा बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो.