लिंक पाठवताय ना, मग सोबत एक ओळ पण लिहा

नमस्कार मंडळी! आज गप्पा मारूया एकमेकांना गाणी पाठवण्याबद्दल, म्हणजे ते ऑनलाइन ग्रुप असतात ना, ज्यातली निम्मी माणसं आपल्याला कधी भेटलेली नसतात पण त्यांची आवड मात्र पाठ असते, ते.

तसं हे वेड जुनंच. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि मग लोक मित्रांसाठी कॅसेट भरून द्यायला लागले. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवरची गाणी थेट आपल्याकडे उतरवता यायला लागली, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००१ मध्ये ते बंद पडलं, पण दुसऱ्याचा खजिना चाळायची चटक लागली ती लागलीच.

आता स्पॉटिफाय २०१५ पासून दर सोमवारी ३० गाण्यांची यादी देतं. तुमच्यासारखीच गाणी ऐकणारे बाकीचे लोक अजून काय ऐकतात, त्यावरून ती बनते. मी पण ऐकते, छान असते. पण ती गाणं हातात देऊन गप्प बसते हो, त्यात नेमकं काय ऐकायचं हे सांगायला माणूसच लागतो!

परवा ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने लिंक टाकली, खाली लिहिलं होतं, "हेडफोन लाव, दोन मिनिटं धीर धर, मग तबला थांबतो आणि नुसती सारंगी उरते, तेवढं ऐक." एरवी ती संथ सुरुवात ऐकून मी लगेच पुढचं गाणं लावलं असतं, पण तिने सांगितलं म्हणून थांबले आणि ती सारंगी आली तेव्हा अंगावर काटा आला, खरंच! मग ती वाजवली कोणी ते शोधलं, त्याच वादकाची बाकीची रेकॉर्डिंग ऐकत बसले, रात्र कशी सरली कळलंच नाही.

म्हणून सांगते, एकदम दहा लिंक टाकू नका, कोणी उघडत नाही. एकच टाका, आणि कुठल्या जागेवर जीव अडकला ते लिहा. आणि समोरच्याने पाठवलेलं पूर्ण ऐकून मगच बोला, नुसता अंगठा नको, नाही आवडलं तर तसं सांगा, काय खटकलं ते पण सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तो अजून नेमकं काहीतरी शोधून आणेल.